पहिली मोठी सायकल राईड: ब्रेव्हे, ग्रॅन फोंडो का अजून काही?

नवखा_पायडल (जळगाव):
राम राम मंडळी. रोज सकाळी भुसावळला जाऊन येतो, पन्नासेक किमी होतात, रविवारी कधी पारोळा. आता काहीतरी मोठं करायचंय पण नावं ऐकूनच डोकं फिरलं. वय 41, साधी हायब्रिड सायकल, रेस कधी केली नाही. कुठून सुरू करू?

पारोळा_पंक्चर:
भो डोळे मिटून 200 किमीची ब्रेव्हे कर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड. रेस नाहीच ती, पहिला आला काय न शेवटचा आला काय, वेळेत आला म्हणजे झालं. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, चारही एकाच सीझनमधी काढल्या की सुपर रँडोनर हा किताब. पण घड्याळ थांबत नाही बरं, चहा, पंक्चर, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) शिक्का मारणं सगळं त्यातच. मला पहिल्या वेळी हे डोक्यातच शिरलं नव्हतं, धाब्यावर शेवभाजी हाणत पाऊण तास बसलो, पुढं पंक्चर झालं तर सोल्युशनची (पंक्चर चिकटवायच्या गोंदाची) ट्यूब वाळून खडा झालेली, दुसऱ्या एकाने दिली म्हणून निभावलं. 13 तास 22 मिनिटं 😅

लळिंगचा_चढ (धुळे):
ग्रॅन फोंडोत सगळे एकदम सुटतात, टायमिंग लागतं, वाटेत पाणी-केळी मांडलेली असतात. मजा येते पण एकट्याने रस्ता काढायची सवय लागत नाही. ब्रेव्हेत कंट्रोल सोडून मधे घरच्यांच्या गाडीची मदत चालत नाही. डेक्कन क्लिफहँगरसारखी अल्ट्रा, म्हणजे फार लांबची रेस, पुणे ते गोवा सहाशेच्या वर किमी, त्यात मागं गाडी आणि माणसं लागतात, म्हणजे खिसाही. रिले टीम करून जाता येतं, पण ते नंतर बघ.

नवखा_पायडल:
200 दिवसाच संपते ना? मग लाईट कशाला मागतात?

पारोळा_पंक्चर:
सकाळी सहाला सुटला तर कटऑफ संध्याकाळी साडेसात. डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, न हायवेला ट्रकवाल्याला तू दिसला पाहिजे. पुढचा-मागचा लाईट न रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घेच. आणि उन्हाळ्यातली तारीख धरू नको, आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको.

लळिंगचा_चढ:
आधी एकदा जळगाव-धुळे-जळगाव करून पाहा, दोनशेच्या जवळपासच भरतं. येताना वारा तोंडावर असला तर एरंडोलपासून पुढे जीव जातो.

नवखा_पायडल:
ठरलं, येत्या रविवारी पहाटे पाचला आकाशवाणी चौक. कोणी येतंय का? नवीन सोल्युशन घेऊन येतो 😂