प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्यावी, की वाटीभर दही पुरे?

अदमुरं:
हल्ली अँटिबायोटिकच्या चिठ्ठीखाली प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची, कॅप्सूल ठरलेली. 'गट हेल्थ'च्या (आतड्यांच्या आरोग्याच्या) नावाने महिनाभराचे डबे विकले जातात ते वेगळेच. माझं म्हणणं, धडधाकट माणसाने यावर पैसे घालवू नयेत. शरीरात आधीच सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत. त्यात पाचशे कोटींची भर घातली तरी ते पाहुणेच. घेणं थांबवलं की थोड्याच दिवसांत बाहेर. उलट 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेला असं दिसलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला जास्त वेळ लागला.

गोळीबंद:
तो अभ्यास मोजक्या लोकांवरचा आणि 11 स्ट्रेनच्या (जंतूंच्या पोटजातींच्या) एकाच मिश्रणाचा. त्यात जिवाणूंची घडी कधी बसली हे पाहिलं, जुलाब थांबले का हे नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला दोन नावांमागे बऱ्यापैकी पुरावा आहे: सॅकरोमायसिस बोलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. पण पोट बिघडल्यावर नव्हे, अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून घ्यायचं. जीजी जिवाणू आहे, म्हणून दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर अँटिबायोटिक त्यालाच मारतं. बोलार्डी यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिकची भीती नाही. मात्र फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर बोलार्डी वाया गेलं.
दह्यात कुठला स्ट्रेन आहे हे कोणालाच माहीत नसतं. ते कॅप्सूलच्या जागी कसं चालेल?

फोडणी:
कॅप्सूलच्या जागी नकोच, दह्याच्या जागी राहू द्या. दूध पचत नाही अशांना दही सोसतं, कारण त्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज (दुधातली साखर) फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा दावा मान्य केलाय; अट ग्रॅमला 10 कोटी जिवंत जिवाणूंची.
ते जिवंत राहावेत म्हणून: दूध उकळून 40-45 अंशांवर आणा (बोट सहज टिकेल इतपत), अर्ध्या लिटरला चहाचा चमचाभर विरजण, सहा-सात तास, थंडीत जास्त. दूध जास्त गरम असेल तर विरजण मरतं आणि दही लागतच नाही. तार सुटत असेल तर ते विरजण टाकून नवं आणा. लागलं की लगेच फ्रीजमध्ये. कढीला उकळी आली की सगळे गेले, वाफाळत्या भातावर घातलं तरी बरेचसे जातात. फ्रीजबाहेर महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं ताक विरजल्यावर तापवलेलं असतं, ते चवीपुरतं प्यावं. आंबील, इडली, डोसा पचायला छान, पण प्रोबायोटिक नव्हेत.

अदमुरं:
हे पटतं. पण मुलांच्या साध्या जुलाबांवर प्रोबायोटिकच्या पुड्या कशाला? 2018 मध्येच अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिक दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या चाचणीत तर तुमचं जीजीच होतं. ओआरएस आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम झिंक, 14 दिवसांपर्यंत. चिठ्ठीवर पुडी आहे आणि झिंक नाही, तर डॉक्टरांना विचाराच.

गोळीबंद:
झिंकबद्दल वाद नाही. पण सरसकट 'उपयोग नाही' म्हणताना ओडिशा विसरू नका. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांच्या चाचणीत निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम दिलं (निकाल 2017). जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण न दिलेल्यांत 9 टक्के, तर दिलेल्यांत 5.4 टक्के होतं. आता यावरून दुकानातली कुठलीही पुडी बाळाला चाटवू नये! तो ठरावीक स्ट्रेन होता, आणि बाळं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची, दोन किलोंवरची. कमी दिवसांचं बाळ, केमो चालू असलेला किंवा मोठ्या शिरेत नळी असलेला रुग्ण यांच्यात हेच जंतू रक्तात शिरू शकतात.

नाचणीसत्त्व:
ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी लेबलवर तीन गोष्टी पाहाव्यात. एक, नावामागे स्ट्रेनची अक्षरं किंवा आकडा आहे का. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणजे काहीच नाही. दुसरं, जिवंत जंतूंचा आकडा मुदत संपेपर्यंतचा की बनवतानाचा. तिसरं, साठवण. बॅसिलस क्लॉसी बीजाणूरूपात असतो, तो उन्हाळा सोसतो. बहुतेक लॅक्टोबॅसिलस मे महिन्यात नागपूरला कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापले तर डब्यावरचे कोटी कागदावरच राहतात. बाटलीतल्या गोड पेयाची साखरही वाचा.
पोट फुगण्यासाठी घेत असाल तर एकच उत्पादन चार आठवडे, बाकी आहार तोच ठेवून. फरक नाही पडला तर बंद. वजन घटतंय किंवा शौचात रक्त दिसतंय, तर हे चार आठवडेही वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.