पोट उतरवायला घरी काय काय केलंत? पट्टे, चाकं, ट्विस्टर, सगळे अनुभव येऊ देत

शहापूरचा_थोरला
काल माळ्यावरची भांडी उतरवताना आजोबांचे मुद्गल हाताला लागले. मुठीपाशी लाकूड घामानं काळं पडलंय. आजोबा पहाटे तालमीत जायचे. जोर, बैठका, मग हे जड मुद्गल फिरवायचे. उतारवयातही पोट सपाट, आणि भाकरीला कधी नको म्हटलं नाही. शेजारीच माझा प्लास्टिकचा ट्विस्टर होता. टीव्ही बघत त्या चकतीवर उभं राहून कंबर फिरवायचो. कंबर मोकळी व्हायची, हे खरं. पँटचा पट्टा मात्र त्याच भोकात राहिला. पोट उतरलं ते नंतर, रोजचं भरभर चालणं, बैठका आणि रात्रीचा भात कमी केल्यावर. तुमचं सांगा.

दुसरं_गेट
आमच्या ह्यांनी घाम काढणारा पट्टा मागवला होता. सोडल्यावर काट्यावर अर्धा किलो कमी, दोन तांबे पाणी प्यायले की परत तेवढंच. पाणीच जातं हो त्यात, चरबी नाही. वर कमरेला पुरळ उठलं ते वेगळंच. कुकर झाला, नंतर लिहिते.

निपाणीकर
दोन्ही हातांनी धरून जमिनीवर पुढं ढकलायच्या चाकाला कुणी नावं ठेवू नका. गुडघ्यावर बसायचं, समोर भिंत ठेवायची. चाक भिंतीला अडतं, कंबर खाली पडत नाही. जमेल तसं भिंतीपासून मागं सरकायचं. पोटात ताकद येते, पोती उचलताना कळतं.

खानापूरची_लेक
बाळंतिणी वाचत असतील तर थांबा जरा. दुसऱ्या खेपेनंतर पोट आत जाईना म्हणून नणंदेनं हेच चाक दिलं. पण उताणं पडून डोकं उचललं की बेंबीच्या वर मधोमध बांधासारखा उंचवटा यायचा. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तिथं बोटं ठेवून बघितली, दोन्ही आत जात होती. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी गरोदरपणात ताणते, काहीजणींची लवकर आवळत नाही. त्यांनी चाक आणि क्रंचेस, म्हणजे उताणं पडून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम, बंद करायला लावले. श्वास सोडत पोट आत घ्यायचं, पाठीवर पडून एकेक टाच सरकवायची, एवढंच. कंटाळा यायचा, रडूही यायचं. पावसाळा संपेतोवर उंचवटा गेला. पोट पूर्वीसारखं सपाट नाही, पण लेकराला कडेवर घेताना कंबर दुखत नाही. मला तेवढंच हवं होतं.

दुसरं_गेट
@खानापूरची_लेक अगं माझ्या भाचीचं अगदी हेच चाललंय. आत्ताच फोन लावते तिला.

अनगोळ_फिजिओ
खानापूरच्या ताईंनी बरोबर लिहिलंय. बाकीच्यांसाठी सांगतो, पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी जळत नाही. अमेरिकेत २४ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला. ६ आठवडे नुसते पोटाचे व्यायाम. स्नायूंचा दम वाढला, चरबी होती तेवढीच. विजेच्या झटक्यांचे पट्टे विकणाऱ्यांवर तर २००२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं खटले भरले होते. घरात कुणाला पेसमेकर असेल तर असला पट्टा लावू देऊ नका. आणि काट्यापेक्षा टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीच्या वर गेली तर एकदा साखर तपासून घ्या.

कॅम्पातला
टेप बेंबीवर धरायची काय?

अनगोळ_फिजिओ
नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही हं.

कॅम्पातला
बहिणीनं सकाळीच गोड कुंदा आणलाय, हा धागा आजच यायचा होता काय!

निपाणीकर
खा की. वाटीत काढून घे, डबा समोर ठेवू नको.

येळ्ळूरकर
पावसात फिरायचं कुठं सांगा. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चिखल झालाय. आम्ही घरचा जिनाच चढतोय-उतरतोय. उघडीप मिळाली की राजहंसगड, चढ लागला की आपोआप दम लागतोय.

दुसरं_गेट
जिना गुडघेदुखीवाल्यांना जमत नाही. सासूबाई खुर्चीवरून उठबस करतात, हाताचा आधार न घेता. त्यांना आता बसमध्ये चढायला माणूस लागत नाही.

कॅम्पातला
@शहापूरचा_थोरला ते मुद्गल देणार काय? योग्य किंमत देतो.

शहापूरचा_थोरला
द्यायचे नाहीत हो, पोराला शिकवायचेत. एकाची मूठ सैल झालीय. लाकडी काम करणारा कुणी चांगला सुतार माहीत आहे काय?

येळ्ळूरकर
आमचे काका करतात. फोटो टाका, विचारून सांगतो.