आपल्या पीटीच्या सरांची एक तरी आठवण लिहा

सरांची नजर आता बरीच अधू झाली आहे. परवा भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "तुम्ही सगळे लिहा, मी रोज थोडं थोडं वाचून दाखवीन." म्हणून हा धागा. शाळेच्या मैदानावर सरांच्या हाताखाली घाम गाळलेल्या सगळ्यांना आमंत्रण आहे. जिंकलेले, हरलेले, आणि पीटीच्या तासाला नेमकं पोट दुखणारेसुद्धा. अटी दोनच. 'दीपस्तंभ', 'ऋषितुल्य' वगैरे लिहू नका, सर पुढचं ऐकणार नाहीत. आणि सर चांगले ठणठणीत आहेत, तेव्हा 'होते' जरा जपून वापरा.

सुरुवात मी करते.

मी ४ × १०० मीटर रिलेत तिसरी धावायचे. रिले म्हणजे चार वेगवान मुली, एवढीच आमची समजूत. सरांनी पहिला आठवडाभर आम्हाला धावूच दिलं नाही. एकामागे एक चालायचं आणि काठी द्यायची. (बॅटनला सर काठीच म्हणतात.) पहिलीच्या उजव्या हातातून दुसरीच्या डाव्या, तिथून माझ्या उजव्या, माझ्याकडून चौथीच्या डाव्या. हात बदलायचा नाही, म्हणजे मी वळणावर आतल्या कडेने धावू शकते. मातीवर एक खूण केलेली असायची. दुसरीचा पाय त्या खुणेवर पडला की मी सुटायचं आणि मागे बघायचं नाही. "ती दमली असेल, पोचेल का, हा हिशेब तू करू नकोस," असं सर म्हणायचे. तेव्हा काठी २० मीटरच्या पट्ट्यात बदलावी लागायची, त्याआधीचे १० मीटर फक्त वेग घ्यायला. आता सलग ३० मीटर मिळतात.

माझ्याजवळ राहिलं ते मात्र देणाऱ्याचं काम. सर म्हणायचे, सोडायची घाई नको, समोरचीची पकड बसली की हाताला कळतं, मग सोड. मी परिचारिका आहे. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती द्यायची असते. बऱ्याच जणी कागद हातात ठेवून निघतात. मी निघत नाही. कुणाचं औषध बदललंय, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे तिच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय माझा पाय वॉर्डाबाहेर पडत नाही. नव्या मुली वैतागतात. वैतागू देत.

टेप धरणारा

मला लहानपणापासून दमा. पीटीच्या तासाला मी कायम झाडाखाली. सरांनी एकदा हाक मारून मोजमापाच्या टेपचं टोक माझ्या हातात दिलं, ते शाळा सुटेपर्यंत माझ्याच हातात राहिलं.

गोळाफेकीचं मोजमाप दिसतं तितकं सोपं नाही. गोळा पडल्याची जी खूण असते, तिच्या वर्तुळाकडच्या (म्हणजे फेकणारी जिथे उभी असते त्या वर्तुळाकडच्या) कडेवर टेपचं शून्य ठेवायचं. टेप वर्तुळाच्या मध्यबिंदूवरून ताणून न्यायचा, पण आकडा वाचायचा तो वर्तुळाच्या आतल्या कडेपाशी. टेप मध्यबिंदूवरून गेला नाही तर आकडा फसवतो. सेंटिमीटर पुरा भरला नसेल तर खालचा आकडा लिहायचा. ९ मीटर ४७ सेंटिमीटरच्या वर जरासं काही असलं तरी ९.४७ च. आपल्या शाळेची मुलगी असली तरी.

मी आकडा वाचत असताना सर पाठ करून उभे राहायचे. मला वाटायचं त्यांना रस नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "माझ्या तोंडाकडे बघून वाचशील."

मी लेखापरीक्षक आहे. गोदामात माल मोजायला हाताखालच्या मुलाला पाठवतो तेव्हा मी बाहेर थांबतो. मोजणाऱ्यासमोर साहेबाचा चेहरा असला की आकडे साहेबासारखे यायला लागतात, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय.

डावा बचावपटू, फुटबॉल

ताई, विशेषणं नकोत म्हणालीस, पण कडू लिहिलेलं चालेल ना?

आम्ही सरांच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. उशीर झाला, फेऱ्या. पास चुकला, फेऱ्या. रांगेत हसलो, फेऱ्या. पळणं म्हणजे शिक्षा हे डोक्यात इतकं घट्ट बसलं की शाळा सुटल्यावर कित्येक वर्षं मी बस पकडायलासुद्धा धावलो नाही. खेळ नववीतच सोडला. सगळीकडे वेळेआधी पोचतो हे खरं, पण ते भीतीनं. त्याचं श्रेय सरांना द्यायचं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही. सर ऐकत असतील तर ऐकू देत.

व्हॉलीबॉल, सेटर

दादा, आपण एकाच सरांबद्दल बोलतोय ना? आमच्या वेळी उशिरा येणाऱ्याला सर पळूच द्यायचे नाहीत! शेजारी बसवून दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजायला लावायचे. तेच जास्त झोंबायचं.

पंधराशे मीटर

तुम्हा दोघांच्या मधल्या वर्षांतला मी. हा बदल झाला तेव्हा मी तिथेच होतो. खरं तर आडवा होतो.

खेळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, असं तेव्हा बरेच प्रशिक्षक मानायचे. आपले सरही. दुपारचं ऊन, कशासाठी तरी मिळालेल्या फेऱ्या, आणि मी चक्कर येऊन पडलो. सरांनी उचलून सावलीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं, सायकलवर बसवून घरी सोडलं आणि आईशी बोलले. काय बोलले ते आईने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या वेळापत्रकात पाण्याची सुट्टी आली आणि दुपारचा सराव सकाळी गेला. शिक्षेच्या फेऱ्या त्यानंतर कुणी पाहिल्या नाहीत. सरांनी त्यावर भाषण केलं नाही. कपाटात मात्र शरीरशास्त्राची पुस्तकं दिसायला लागली, ग्रंथालयाचे शिक्के असलेली, आणि मधल्या सुट्टीत ते ती वाचत बसायचे.

तोवर मला वाटायचं, मोठ्या माणसांचं शिकून झालेलं असतं.

डावा बचावपटू, फुटबॉल

हे मला माहीत नव्हतं. माझं मत एका रात्रीत बदलणार नाही. पण सांगितलंस ते बरं केलंस.

उंच उडी

माझं सरांशी वर्षभर भांडण होतं. डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पाठीवरून उडी मारून २.२४ मीटरवर सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर हळूहळू सगळं जग त्याच पद्धतीने उडायला लागलं. त्याचा फोटो मला एका मासिकात सापडला होता. मलाही तसंच उडायचं होतं. सर म्हणाले, कात्री उडीच मार.

मी त्यांना जुनाट म्हणाले, तोंडावर. त्यांनी मला खड्ड्यापाशी नेलं आणि वाळूत हात घालायला सांगितला. चार बोटं खाली टणक जमीन. "तो फोमच्या गादीवर पडला. तू इथे मानेवर पडशील." कात्री उडीत माणूस पायांवर उतरतो, म्हणून वाळू चालते. पद्धत नवी की जुनी हा प्रश्नच नव्हता, खाली काय आहे हा होता.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सरांनी गादीसाठी अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज नामंजूर झाला की तोच अर्ज पुन्हा, वर फक्त तारीख नवी. गादी आली तेव्हा मी शाळेतून बाहेर पडले होते. माझ्या धाकट्या बहिणीने तिच्यावर पाठीवरून उडी मारली. मी कुंपणाबाहेरून बघत होते आणि मला तिचा भयंकर राग आला होता.

आता मी इमारतींची संरचना तपासते. नकाशा कितीही देखणा असला तरी आधी मातीचा अहवाल मागते.

खो-खो, कायम राखीव

मला एकच वाक्य. "पळणाऱ्याचे डोळे बघू नकोस, पाय बघू नकोस, ते फसवतात. कंबर बघ." खो-खोत एकदा दिशा घेतली की पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, त्यामुळे हुलकावणीला भुललात की संपलं. संघात मला फारसं उतरवलं नाही सरांनी, आणि ते बरोबरच होतं, माझ्यापेक्षा चपळ मुली होत्या. पण गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवताना मी अजून कंबरच बघते. समोरचा माणूस कुठे वळणार ते आधी कळतं. करून बघा.

आता मीही शिट्टीवाला

मी सरांचा विद्यार्थी आणि आता एका शाळेत क्रीडाशिक्षक. वरचं सगळं दोनदा वाचलं. कुणालाच शाबासकी आठवत नाही, हे लक्षात आलं का? मला तरी एकही आठवत नाही. 'छान', 'वा' हे शब्द सरांच्या शब्दकोशातच नव्हते. शाळेत असताना याचं फार वाईट वाटायचं.

जॉन वुडन या अमेरिकन प्रशिक्षकाबद्दल मी प्रशिक्षण घेताना वाचलं. त्यांच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, पण त्याआधी बरीच वर्षं ते शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संघ सांभाळायचे. नवीन मुलांना ते सगळ्यात आधी मोजे नीट कसे घालायचे हे दाखवत, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती टिपल्या. कौतुक ७ टक्क्यांच्या आत, नाराजीही साधारण तेवढीच. पाऊणएक भाग होता निव्वळ माहिती : काय करायचं, कसं करायचं.

हे वाचताना मला आपले सर दिसायला लागले. ते माझ्या धावण्याला चांगलं-वाईट काहीच म्हणत नसत. "डावा कोपर बाहेर जातोय." झालं. पुढच्या धावेला कोपर आत आला की "उजवा खांदा वर चढलाय." म्हणजे कोपराचं काम झालं, हे आपण समजून घ्यायचं.

तरी मी माझ्या मुलांना शाबासकी देतो. सरांचं सगळंच उचलावं असं मला वाटत नाही. आत्ताच बचावपटू दादाचं वाचलं, आणि उन्हात चक्कर येऊन पडलेल्या त्या मुलाचंही. सरांनी स्वतःचं सगळं कुठे जसंच्या तसं ठेवलं होतं? पण कौतुक करताना मी नेमकं काय बरोबर झालं ते सांगतो. नुसतं 'वा' तोंडातून निघालं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून मान वळते.

मी तुमच्या शाळेची नाही

चालेल ना? एका मैत्रिणीने हा धागा पाठवला.

आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते. आंतरशालेय स्पर्धेला गणिताच्या बाई आम्हाला घेऊन आल्या होत्या. शंभर मीटरची अंतिम फेरी. स्टार्टिंग ब्लॉक (सुटताना पाय टेकवायचा आधार) मी त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पाहिला आणि रेषेला अगदी चिकटवून लावला, जितका पुढे तितकं बरं म्हणून. तुमचे सर शेजारच्या लेनमधल्या तुमच्या शाळेच्या मुलीपाशी आले होते. जाता जाता माझ्यापाशी थांबले, बाईंकडे बघून परवानगी घेतल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "बाळ, पुढचा ब्लॉक रेषेपासून दोन पावलं मागे, दुसरा तीन. स्वतःच्या पावलांनी मोज, टाचेला बोटं लावून. कुठला पाय पुढे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मागून अलगद धक्का दिला, सावरायला उजवा पाय पुढे पडला. "तो पाय मागच्या ब्लॉकवर," म्हणाले आणि निघून गेले.

मी पहिली आले. तुमच्या शाळेची ती मुलगी दुसरी. पुढे जे काही धावले ते त्या दोन-तीन पावलांवर. त्यांना पुन्हा कधी भेटले नाही, ते कोण हेही आज कळलं.

टेप धरणारा

सावरायला पुढे पडेल तो पाय मागच्या ब्लॉकवर, हेच तंत्र आमच्या धावणाऱ्यांनाही शिकवलेलं! धक्का देऊन पाय ठरवायची त्यांची सवय अजून आहे का, सरांच्या मुलीला विचारा कुणीतरी.

धागाकर्ती

अगं, ती दुसरी आलेली मी! तू लाल रिबिनीवाली ना?

मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर सरांशी बोलले नव्हते. उतरताना मात्र राहवलं नाही. म्हटलं, सर, तिला का सांगितलंत? सर म्हणाले, "तिचे ब्लॉक चुकीचे लागले होते." मी म्हटलं, पण मी हरले ना. तर म्हणाले, "तू चाळीस मीटरनंतर मान मागे टाकलीस. उद्या सहाला ये."

आले होते सहाला. तू आता राहतेस कुठे? नंबर कळव, सरांकडे जाऊ या दोघी.