राजकीय लेखनाची पाच वर्षं: निवडक लेखांचं पुस्तक कसं काढावं?

जुळेसोलापूरकर
सोलापूरच्या राजकारणावर एकट्यानं, कुठल्याही पक्षाचा पैसा न घेता केलेल्या लेखनाला येत्या जानेवारीत पाच वर्षं होतील. हारतुरे नकोत. साधारण ९०० शब्दांचे ३० लेख निवडून २०० प्रतींचं पुस्तक आणि वाचकांशी दोन तास चर्चा, एवढंच करायचंय. पानं किती होतील? छपाई कशी करावी? चुकलेले अंदाज ठेवावेत का? आणि तारीख कोणती धरावी?

बाळीवेस
डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), १२ पॉइंटच्या अक्षरात, पानावर साधारण ३०० शब्द बसतात. म्हणजे लेखाला तीन पानं, एकूण ९०. खरी गोची इथंच होते. शीर्षकाच्या जागेमुळे प्रत्येक लेखाच्या चार-पाच ओळी चौथ्या पानावर सांडतात आणि ९० ची १२० पानं होतात. लेख ८०० शब्दांपर्यंत आणा. सुरुवातीची सहा पानं धरून ९६, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म (एका मोठ्या कागदाच्या घडीतून निघणारी पानं) बरोबर भरतात.

आत ७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. ९६ पानांना पिन मारली तर पुस्तक फुगतं. परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून केलेली बांधणी) करा आणि आतला समास २० मिमी ठेवा, नाहीतर ओळींची टोकं बांधणीत जातात. २०० प्रतींसाठी डिजिटल छपाईच बरी, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च एवढ्या प्रतींवर फिटत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच द्या. डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की जोडाक्षरं मोडतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) सुरू आहे का, ते विचारा. आधी एकच प्रत काढून ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘वाङ्मय’ हे शब्द तपासा.

होममैदान
चुकलेले अंदाज ठेवाच. २०१४ आणि २०१९ ला भाजपकडे गेलेली सोलापूर लोकसभा २०२४ ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी जिंकली. निकाल सगळ्यांना पाठ आहे; वाचकाला हवं असतं ते तुमचं तेव्हाचं गणित. मूळ लेखाला हात लावू नका, खाली तारीख घालून चार ओळींची टीप द्या.

मात्र कुणावर आरोप असलेला लेख जसाच्या तसा घेऊ नका. पुन्हा छापणं म्हणजे कायद्याच्या नजरेत नव्यानं प्रसिद्ध करणं, आणि अब्रुनुकसानीचा धोकाही नव्यानं. त्या प्रकरणाचं पुढं काय झालं ते शोधून टिपेत लिहा; कागद हाती नसेल तर तो लेख गाळा.

मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायला विसरू नका. निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या बाजूचा किंवा विरोधातला मजकूर छापला, तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-अ लागतं: दोन साक्षीदारांच्या सह्यांचं प्रकाशकाचं घोषणापत्र मुद्रकाला आधी द्यावं लागतं.

सिद्धेश्वरपेठ
तारखेचं सांगतो. संक्रांतीच्या आसपासचे दिवस टाळा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे त्या मंदिराकडचे आणि होम मैदानाकडचे रस्ते भरलेले असतात, बाहेरगावचा वाचक अडकतो. १२ जानेवारी हा हुतात्मा दिन. १९३१ ला याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. १९३० ला इंग्रजांचा मार्शल लॉ (लष्करी अंमल) सोसलेल्या गावात राजकीय लेखनाचा कार्यक्रम त्या दिवशी शोभेलही, पण तो दिवस त्यांचाच राहू द्या. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी दहा ते बारा. पुस्तक आठ दिवस आधी वाचकांच्या हातात पडायला हवं, नाहीतर चर्चा कव्हरवरच होते.