जिंजा म्हणजे काय?

– युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते, त्या काठावरच्या शहराचं नाव जिंजा. अर्थ काय असावा? आपल्या जिंजी किल्ल्याशी काही नातं?

– जिंजीशी काही नातं नाही, नुसता कानाला होणारा भास. लुगांडा भाषेत 'एज्जिंजा' म्हणजे दगड, अनेकवचन 'अमायिंजा'. आपण धोंड्याचे धोंडे करताना शब्दाचं शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात. आणि शेवटचा जा 'राजा'तला, 'दरवाजा'तला नव्हे.

– म्हणजे पुण्याचं पाषाणच की!

– तसंच. पण इथले दगड नदीतले. सरोवराचं पाणी ज्या खडकांवरून खाली कोसळायचं, तेच हे. नाईलचा उगम शोधणारा इंग्रज प्रवासी स्पीक १८६२ च्या जुलैत तिथे पोहोचला. बागांडा, म्हणजे लुगांडा बोलणारे लोक, या धबधब्याला 'दगड'च म्हणतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. ते ठाऊक असूनही त्यानं नाव दिलं रिपन फॉल्स! मोहीम आखली गेली तेव्हा रिपनसाहेब रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते ना. पुढे भारताचे व्हाईसरॉय झाले तेच हे. गंमत अशी की १९५४ मध्ये ओवेन फॉल्स धरण झालं आणि रिपनसाहेबांचा धबधबा पाण्याखाली गेला. दगडही बुडाले, पण गावाचं नाव दगडच राहिलं.

– मी 'जिंजा' शोधलं तर जपानी देवळंच देवळं आली.

– तो शब्द निराळा. जपानीत जिंजा म्हणजे शिंतो देऊळ. पायथॉन या संगणकभाषेत वेबपानांचे साचे भरायला 'जिंजा' नावाचं साधन वापरतात, तेही त्या देवळावरून आलंय, युगांडाचा संबंध नाही.

– मराठीत प्रत्यय कसा लावायचा? साताऱ्याला, गोव्याला, तसं 'जिंज्याला'?

– मला 'जिंज्याला' खटकतं. सातारा-गोवा घरचे, म्हणून त्यांचं सामान्यरूप होतं. कॅनडाला आपण 'कॅनड्याला' म्हणत नाही. तेव्हा जिंजाला, जिंजात. उदाहरणार्थ, 'गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली जिंजात नाईलमध्ये विसर्जित केला.'

– आणि लुगांडात 'जिंजात' कसं म्हणतात?

– 'ए जिंजा'. तिथेही जे काय लावायचं ते पुढेच!