रोड रेसिंगचा फोटोग्राफर: अपघात होताना बटण दाबावं की कॅमेरा खाली घ्यावा?

वळणवेडा
आईल ऑफ मॅन टीटी, म्हणजे आईल ऑफ मॅन या बेटावरच्या रस्त्यांवर होणारी मोटरसायकल शर्यत, तिचे फोटो मी वर्षानुवर्षं बघत आलोय, तिथे कुंपणाशी उभं राहून काढलेही आहेत. माझं मत स्पष्ट आहे. समोर रायडर पडत असेल तर फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घ्यावा. तरीही एखादा फोटो निघालाच, तर रायडरच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या होकाराशिवाय तो कुठेही टाकू नये. "लोकांना धोका कळायला हवा" हे कारण मला मान्य नाही, कारण धोका दाखवायला अपघात लागत नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक फेरी ६०.७ किलोमीटरची. डोंगरावरून जाणारा हा मार्ग १९११ पासून वापरात आहे. एरवी याच रस्त्याने गावातली बस जाते. शर्यतीपुरता रस्ता बंद होतो, पण घरं, दगडी कुंपणं, दिव्याचे खांब आहेत तिथेच राहतात. पीटर हिकमनने २०२३ साली इथे एक फेरी ताशी १३६.३५८ मैलांनी, म्हणजे जवळपास २२० किलोमीटरच्या वेगाने पूर्ण केली. हा सरासरी वेग आहे!

आता निघणारे फोटो बघा. लांब लेन्स, चौकटीत फक्त गाडी आणि हेल्मेट, मागे धूसर हिरवा पडदा. शटर सेकंदाच्या १/२००० ला, म्हणजे चाकंसुद्धा गोठलेली. हा फोटो सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त सर्किटचा म्हणून दाखवला तरी कोणाला शंका येणार नाही. टीटीच्या मार्गावरच्या बॅरेगॅरोच्या उताराच्या तळाशी सस्पेन्शन पूर्ण दबतं आणि रायडर घराच्या भिंतीला जवळजवळ चाटून निघतो. ते घर चौकटीत घ्या, शटर १/१०० च्या आसपास आणा, गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. भिंत ओढल्यासारखी दिसेल आणि हेल्मेट तेवढं स्पष्ट राहील. एवढ्यात सगळं कळतं. रस्त्यावर पडलेला माणूस दाखवावा लागत नाही.

बातमीदार_नाशिक
भिंतीबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याला माझा विरोध आहे.

फोटो काढणं आणि फोटो छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि तुम्ही ते एकाच वाक्यात गुंडाळलेत. टीटीत रायडर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक करून सुटतात. अनेकदा वळणावर तो एकटाच असतो. आजूबाजूला टीव्हीचा कॅमेरा नसतो, असतात ते मार्शल आणि पाच-पन्नास प्रेक्षक. अशा वेळी गाडीतून तेल आधी उडालं, टायरने दगा दिला की चाक कडेला घासलं, हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी कॅमेऱ्यातली चार चित्रं. मृत्यू झाला तर कोरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी होते, आणि बेटावरचे पोलीस प्रेक्षकांकडे फोटो, चित्रफिती मागतात. कॅमेरा खाली घेतलात तर त्या घरच्या माणसांना काय झालं हे कदाचित कधीच कळणार नाही. काढा आणि पोलिसांना द्या. छापायचं की नाही ते नंतर बघू.

धुरळा_कोल्हापूर
मी मातीवर गाडी पळवतो, डांबरावरच्या या लोकांच्या आसपासही नाही. पण रायडरच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

माझ्या पडण्याचे फोटो मला हवे असतात. मागचं चाक आधी सुटलं की मीच ब्रेक जास्त दाबला, हे पडताना कळत नाही, फोटोत कळतं. २०१० च्या सीनियर टीटीत, म्हणजे टीटीतल्या मुख्य शर्यतीत, बॅलागॅरीच्या वळणावर गाय मार्टिन हा रायडर पडला, गाडीने पेट घेतला, रस्ताभर आगीचा लोळ. ती दृश्यं जगभर फिरली. तो वाचला आणि पुढे कित्येक वर्षं शर्यतीत उतरला. त्याच दिवशी दुसरा रायडर कॉनर कमिन्स व्हरांडा नावाच्या वळणावर डोंगरउतारावरून खाली गेला, ते हेलिकॉप्टरमधून टिपलं गेलं. तोही परतला. ते फोटो त्यांच्या आयुष्याचा भाग आहेत, लपवायची गोष्ट नाही.

आणि वळणवेडा दादा, "कॅमेरा खाली घ्या" हे प्रत्यक्षात जमणार कसं? ताशी ३०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. तुमचं बोट आधीच बटणावर असतं, कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेत असतो. ठरवायला वेळ मिळतो तोवर सगळं घडून गेलेलं असतं.

मृण्मयी_बेलफास्ट
मी उत्तर आयर्लंडमध्ये राहते. इथे हे प्रश्न शेजारच्या घरात पडतात, म्हणून जरा लांबण लावते.

वळणवेडा, तुमच्या भिंतीच्या फोटोवरच माझा आक्षेप आहे. तो फोटो फार देखणा असतो. भिंत, वेग, ओढलेले रंग, आणि माणूस सुखरूप निघून गेलेला. बघणाऱ्याला थरार मिळतो आणि किंमत दुसऱ्याच्या खात्यावर. ब्रे हिल उतरल्यावर जो उंचवटा आहे, त्याला इटालियन रायडर जाकोमो अगोस्तिनीच्या नावावरून 'अगोज लीप' म्हणतात. तिथे पुढचं चाक उचललेल्या गाडीचे असंख्य फोटो निघतात. पण १९७२ साली मित्र जिल्बर्टो पार्लोत्ती इथल्या पावसात मेल्यावर अगोस्तिनीने टीटीत पुन्हा पाय ठेवला नाही, आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला. २०२२ मध्ये याच उंचवट्यापाशी साइडकारचे (दोघांनी चालवायची तीनचाकी गाडी) दोन जीवघेणे अपघात झाले. यातलं काय दिसतं त्या उडीच्या फोटोत?

मला विचाराल तर धोका रायडरच्या चेहऱ्यावर असतो. मे २००८ मध्ये इथल्या नॉर्थ वेस्ट २०० या रस्त्यावरच्या शर्यतीच्या सरावात रायडर रॉबर्ट डनलॉप यांचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी त्यांचा मुलगा मायकल त्याच रस्त्यावर २५० सीसीच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. जिंकल्यानंतरचे त्याचे फोटो इथे आजही लोकांच्या लक्षात आहेत. त्यात अपघात नाही, भिंतही नाही. काका जोई, तेही रायडर, २००० साली एस्टोनियात शर्यतीत मरण पावले होते. भाऊ विल्यम २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या स्केरीजच्या शर्यतीच्या वेळी गेला. मायकल मात्र २०२४ मध्ये टीटीतला सत्ताविसावा विजय मिळवून काकांच्या पुढे गेला. या माणसाचे फोटो क्रमाने लावून बघा, बाकी काही सांगावं लागत नाही.

वळणवेडा
मृण्मयीताई, चेहऱ्याबद्दल बोललात ते पटलं. पण चेहराही परवानगी मागतो. सुटण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत, हेल्मेट चढल्यावर, रायडरच्या तोंडासमोर लेन्स नेणारे मी पाहिलेत. तिथेही अंतर ठेवायलाच हवं.

बातमीदार, पोलिसांना फोटो देण्याला माझा विरोध नाही, तिथवर मी तुमच्याबरोबर आहे. प्रश्न जगासमोर टाकण्याचा आहे. ताईंनी म्हटलेल्या २०२२ च्या अपघातांपैकी पहिला घ्या. साइडकारवर दोघे फ्रेंच होते, सेझार शानाल आणि ऑलिव्हिए लाव्होरेल. शानाल गेले असं आधी जाहीर झालं. काही दिवसांनी कळलं की गेले ते लाव्होरेल आणि रुग्णालयात आहेत ते शानाल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शानालही गेले. अधिकृत यंत्रणेची ओळख पटवण्यात अशी गल्लत होत असेल, तर कुंपणापलीकडून दिसलेल्या क्रमांकावरून दहा मिनिटांत नाव लिहून फोटो टाकणाऱ्याला काय अधिकार?

बातमीदार_नाशिक
हे थांबण्याचं कारण झालं, कायमचं झाकून ठेवण्याचं नाही. नाव जाहीर होईपर्यंत एकही फोटो बाहेर जाऊ नये, हे मीही म्हणतो. पण फक्त घरच्यांच्या होकारावर सगळं सोडलंत, तर आयोजकांनी कुठे धडक झेलणारी गादी लावली नव्हती, कुठे प्रेक्षक नको तिथे उभे होते, हे कधी छापताच येणार नाही. आणि होकार कोणाचा घ्यायचा? बायको हो म्हणाली आणि आई नको म्हणाली तर?

धुरळा_कोल्हापूर
रायडरला आधीच विचारा ना. नाव नोंदवताना कागदावर एक ओळ: माझ्या अपघाताचा फोटो छापला तर चालेल की नाही. मी "चालेल" लिहीन.

मृण्मयी_बेलफास्ट
तुम्ही लिहाल. पण तो फोटो वर्तमानपत्रात बघायची वेळ येईल तुमच्या आईवर, आणि तिच्याकडून कोणी सही घेतलेली नसेल. या बाबतीत मी वळणवेडांच्या बाजूने आहे, भिंतीचा मुद्दा मला अजूनही मान्य नसला तरी.

वळणवेडा
आई नको म्हणाली तर नको. बातमीदार, गादी लावलेली नव्हती हे दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या कोपऱ्याचा फोटो काढूनही दाखवता येतं.