इथेनॉल पुरे, आता मळीपासून सक्सिनिक ॲसिड करा की!

ऊसकरी: डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली तेव्हा कारखान्यांची कशी पळापळ झाली बघितलं ना? इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्या, या एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर किती दिवस काढायचे. ई. कोलाय या बॅक्टेरियाचे लॅक्टिक, ॲसेटिक, इथेनॉलकडं जाणारे जीन उडवले की साखर सक्सिनिककडं वळते, वर कार्बन डायऑक्साइडही त्यात खपतो आणि तो डिस्टिलरीत आयताच मिळतो. पॉलिस्टर, रेझिन, सगळ्यात लागतं हे सक्सिनिक ॲसिड. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०२४ मध्ये जेजुरीला लॅक्टिक ॲसिडपासून प्लास्टिक करायचा डेमो प्लांट काढलाच की, मग हे का नको?

रात्रपाळी: फर्मेंटरवर काम करतो म्हणून सांगतो. जीन उडवणं हा सोपा भाग. बॅक्टेरिया ॲसिड करतो आणि त्याच ॲसिडनं स्वतःच गार पडतो, मग पीएच सातच्या आसपास धरायला अल्कली ओतत बसा, शेवटी मिळतं ते ॲसिड नाही, त्याचा क्षार. ते सोडवायला सल्फ्युरिक. लॅक्टिकला चुना वापरला तर टनामागं टनभर जिप्सम निघतं. ढीग टाकणार कुठं, तुमच्या बांधावर?

कोरा_चहा: सक्सिनिक ॲसिड करणारी बायोॲम्बर कंपनी विसरलात काय? कॅनडात सार्नियाला २०१५ मध्ये प्लांट, २०१८ मध्ये दिवाळं.

ऊसकरी: त्यात जंतूचा काय दोष? २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिशीत आलं, पेट्रोलियमवालं ॲसिड स्वस्त झालं. आणि त्यांनी तर ई. कोलाय सोडून यीस्ट घेतलं होतं, यीस्टला कमी पीएच, म्हणजे आंबटपणा, चालतो. म्हणजे रात्रपाळी म्हणतात ती अडचण सुटते की.

रात्रपाळी: सुटून पण बुडालेच ना राव! आणि ते ग्लुकोजवर चालायचे, स्वच्छ. तुम्ही सी हेवी, म्हणजे साखर काढून उरलेली शेवटची मळी देणार, तिच्यात क्षार, रंग, काय काय. इथेनॉल उकळून वर काढता येतं, सक्सिनिक तसं उडत नाही, घाणीतून वेगळं करायचं, क्रिस्टल पाडायचे, धुवायचे. खरा पैसा तिथं जातो.

ऊसकरी: मग बी हेवी घ्या, त्या आधीची, जास्त साखर असलेली मळी. कोरियावाल्यांचा सक्सिनिक करणारा मॅनहायमिया बॅक्टेरिया तर गाईच्या पोटातून काढलेला, त्याला सगळंच स्वच्छ लागतं असं थोडंच आहे.

कोरा_चहा: बी हेवी घेतली की तिच्यापासूनच होणाऱ्या इथेनॉलचा दर समोर उभा राहतो. इथेनॉल सोडून इकडं वळायला चेअरमनला प्रति टन किती सुटणार, तेवढा आकडा टाका, मग जंतूचं बघू.